अजाणत्यांचे ऋण

नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान उरकून दार उघडावे, तर सारी गल्ली एका उग्र वासाने भरून गेलेली असते. तो वास गंधकाचा. फटाक्यांच्या दारूत सोरा, कोळसा आणि गंधक असतो हे शाळेत शिकवावे लागते, पण गंधक हा शब्द आमच्या सीमाभागातल्या मुलांना शिकवावा लागत नाही. घरी मराठी बोलणारा मुलगा असो की कन्नड बोलणारा, दोघांच्याही तोंडी तो 'गंधक'च. मात्र हाच गंधक समुद्राच्या पाण्यातून वर उठून आभाळात जातो आणि त्या कामी डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांचा हात असतो, हे मी नववीच्या वर्गात सांगितले तेव्हा मुलांना नवल वाटले.

विज्ञानाचे शिक्षक त्या दिवशी रजेवर होते, म्हणून मी त्यांच्या तासावर गेलो होतो. माझा विषय तत्त्वज्ञान. विज्ञान वाचतो ते हौसेने. हौशी माणसाला रंगवून सांगायची खोड असते, तशी ती मलाही आहे. "एवढेसे जीव, पण आपल्या पृथ्वीच्या डोक्यावर ढगांची छत्री धरतात," असे मी मोठ्या ऐटीत सांगून मोकळा झालो. तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "सर, पण त्यांना हे ठाऊकच नाही. मग त्यांना पुण्य लागतं का?"

वर्ग हसला. मला मात्र हसू आले नाही. ज्या प्रश्नावर मोठमोठ्या आचार्यांनी वाद घातले, तोच प्रश्न त्या मुलीने कसलीही तयारी न करता विचारला होता. घंटा झाली म्हणून मी सुटलो. पण प्रश्न सुटला नाही. त्याच्या उत्तराच्या शोधात मी जिथवर पोचलो, ते वाचकांपुढे ठेवतो.

*

आधी गंधकाची हकीकत नीट सांगायला हवी, कारण वर्गात मी ती अर्धवटच सांगितली होती.

गंधक प्रत्येक सजीवाला लागतो. आपल्या केसांत, नखांत, शरीरातल्या प्रथिनांत तो आहे. जमिनीतला गंधक पाण्यात विरघळून नद्यांवाटे समुद्राला जातो. आमच्या खानापूर तालुक्यातच उगम पावणाऱ्या दोन नद्या घ्या. मलप्रभा कृष्णेला मिळून पूर्वेच्या समुद्राला जाते, म्हादई गोव्यात उतरून मांडवी होते आणि पश्चिमेच्या समुद्राला मिळते. दोघीही आपापल्या परीने जमिनीचा गंधक वाहून नेतात. हे असे लाखो वर्षे चालले असेल, तर जमिनीवर गंधकाचा तुटवडा पडायला हवा होता. खडकांची झीज आणि ज्वालामुखी यांतून काही भर पडते, तरीही हिशेब जुळत नव्हता. समुद्राकडून जमिनीकडे गंधकाची परतीची वाट असली पाहिजे, हे शास्त्रज्ञांना कळत होते. ती वाट हायड्रोजन सल्फाइड या वायूची असावी, असे बराच काळ मानले गेले. पण त्या वायूला कुजक्या अंड्यांची घाण येते, आणि उघड्या समुद्राला तसा वास येत नाही. शिवाय प्राणवायू असलेल्या पाण्यात तो फार काळ टिकतही नाही.

१९७१ च्या अखेरीस जेम्स लव्हलॉक हे इंग्रज शास्त्रज्ञ 'शॅकल्टन' नावाच्या संशोधन-जहाजातून दक्षिणेकडे अंटार्क्टिकाच्या दिशेने निघाले. सोबत स्वतः बनवलेले एक उपकरण होते. वाटेत ते समुद्राच्या पृष्ठभागावरचे पाणी तपासत गेले आणि त्यांना जवळजवळ सगळीकडे डायमिथिल सल्फाइड हा गंधकयुक्त वायू विरघळलेला सापडला. हा शोध १९७२ साली प्रसिद्ध झाला. परतीची वाट सापडली होती.

या वायूचा वास आपल्याला अनोळखी नाही. कोबी शिजताना किंवा मक्याची कणसे उकडताना जो वास सुटतो, त्यात तो असतो. चोर्ला घाट उतरून आमच्या सहली गोव्याला जातात. किनारा जवळ आला की मुले "समुद्राचा वास आला!" म्हणून ओरडतात, त्या वासातही याचा वाटा आहे. गोव्यात दोना पावला येथे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. तिथल्या संशोधकांनी जुवारीच्या मुखापाशी हाच वायू ऋतुमानाप्रमाणे कसा कमी-जास्त होतो हे मोजले आहे. म्हणजे ही काही दूरदेशीचीच गोष्ट नव्हे.

आता हा वायू येतो कुठून? समुद्राच्या वरच्या, उजेड पोचणाऱ्या थरात वनस्पती-प्लवक असतात. हे एकपेशीय जीव, मिलिमीटरच्या शंभराव्या किंवा हजाराव्या भागात मोजावेत इतके लहान. त्यांच्यापैकी पुष्कळजण आपल्या पेशीत एक गंधकयुक्त द्रव्य साठवतात. त्याचे रासायनिक नाव जीभ वळणार नाही इतके लांब आहे, म्हणून आपण त्याला नुसते 'साठ्याचे द्रव्य' म्हणू. लीड्स विद्यापीठातले फ्रेडरिक चॅलेंजर यांनी १९४८ मध्येच समुद्रातल्या एका तांबड्या शेवाळात ते ओळखले होते. प्लवक हे कशासाठी बनवतात? कैरीच्या फोडींना मीठ चोळले की पाणी सुटते. खाऱ्या समुद्रात पेशीचीही तीच गत व्हायची. तिच्यातले पाणी बाहेर ओढले जायचे. आत हे द्रव्य साठवून पेशी तो तोल सांभाळते. थंडीपासून आणि कडक उन्हाच्या माऱ्यापासूनही त्याचा बचाव होतो, असे दिसते. थोडक्यात, हा साठा ज्याच्या त्याच्या संसारासाठी आहे. तो कोणाला वाटण्यासाठी ठेवलेला नाही.

साठा बाहेर पडतो तो पेशी फुटल्यावर. लहान प्राणी तिला चावतात, विषाणू तिच्यात शिरून तिला फोडतात, किंवा वय झाले म्हणून ती मरते. उत्तर अटलांटिकमध्ये एमिलिआनिया हक्सलेई नावाच्या प्लवकाचा असा काही बहर येतो, की उपग्रहातून समुद्र दुधी-निळा दिसतो. मग त्यात विषाणूंची साथ येते आणि तो अफाट बहर ओसरतो. तेव्हा सारे द्रव्य पाण्यात मिसळते.

आणि मिसळताच त्यावर पंगत बसते. जिवाणू ते दोन तऱ्हांनी वापरतात. एका तऱ्हेत त्यातला गंधक स्वतःच्या प्रथिनांत मुरवून टाकतात. दुसऱ्या तऱ्हेत द्रव्याचे दोन तुकडे होतात आणि त्यातून तो वायू सुटतो. जगातल्या सर्व समुद्रांत फार मोठ्या संख्येने आढळणारे पेलॅजिबॅक्टर नावाचे जिवाणू आहेत. समुद्राच्या लिटरभर पाण्यात जवळजवळ पावणेतीन ग्रॅम सल्फेट असते, म्हणजे या जिवाणूभोवती गंधकच गंधक. पण सल्फेटातला गंधक त्याला स्वतः वापरता येत नाही, असे २००८ साली दिसून आले. दुसऱ्याच्या पेशीत तयार झालेला गंधक मिळाला तरच तो वाढतो. पाण्यात राहून तहानेला! असा हा जीव शेजाऱ्याच्या उष्ट्यावर जगतो, आणि त्यात त्याला कमीपणाही नाही.

सुटलेला वायूदेखील बहुतेक पाण्यातच संपतो. काही जिवाणू तो खातात, काही उन्हाने मोडतो. साधारण दहावा भाग, किंबहुना त्याहूनही कमी, हवेत निसटतो. पण समुद्र एवढा अफाट, की ही निसटती रक्कमही प्रचंड भरते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या संशोधकांच्या पुढाकाराने २०२२ साली या वायूचा जागतिक नकाशा नव्याने तयार झाला. त्यानुसार समुद्र या वाटेने वर्षाला सुमारे २ कोटी ७० लाख टन गंधक हवेला देतो.

हवेत गेल्यावर त्याचे रूप बदलते आणि त्यापासून गंधकाम्लाचे अतिसूक्ष्म कण बनू शकतात. ढगातला प्रत्येक थेंब कसल्या ना कसल्या कणाभोवतीच धरतो. नुसत्या बाष्पाला धरायला काही लागते. जमिनीपासून दूर, धूळ-धूर नसलेल्या दक्षिण महासागरावर उन्हाळ्यात हे कण त्या कामी येतात.

*

वर्गात मी सांगितली होती ती गोष्ट याच्या पुढची होती. १९८७ साली चार्ल्सन, लव्हलॉक, आंद्रेए आणि वॉरन या चौघांनी एक कल्पना मांडली. ऊन वाढले की प्लवक वाढतात, वायू वाढतो, ढगांचे कण वाढतात, ढग अधिक पांढरे होऊन ऊन परत फेकतात आणि समुद्र पुन्हा निवतो. म्हणजे जीवसृष्टी आपल्या घराचे तापमान आपणच राखते. कल्पना इतकी देखणी होती, की वाचताक्षणी मी तिच्या प्रेमात पडलो.

लव्हलॉक यांच्या अशा विचारांवर आधीच टीका झाली होती. १९८१ साली डूलिटल यांनी आणि १९८२ साली डॉकिन्स यांनी विचारले, की प्लवकांची काय कुठे सभा भरते आणि पृथ्वी थंड ठेवण्याचा ठराव होतो? लव्हलॉक यांचे उत्तर असे, की ठरावाची गरजच नाही. १९८३ साली त्यांनी वॉटसन यांच्यासह काळ्या-पांढऱ्या फुलांच्या एका कल्पित ग्रहाचे गणित मांडले. प्रत्येक फूल आपल्यापुरते वाढते, आणि तरीही ग्रहाचे तापमान आपोआप सावरले जाते. हेतू कोणाचाच नाही, परिणाम मात्र सर्वांच्या हिताचा.

इथेच त्या मुलीचा प्रश्न उभा राहतो. हेतू नसताना घडलेल्या हिताचे पुण्य कोणाला?

कांटने १७८५ साली एका दुकानदाराचे उदाहरण दिले होते. तो लहान मुलालाही फसवत नाही, पण का? गिऱ्हाईक टिकावे म्हणून. त्याचे वागणे योग्य आहे, परंतु त्याला नैतिक मोल नाही, असे कांट म्हणतो. मोल असते ते कर्तव्याच्या जाणिवेने केलेल्या कृतीला. या न्यायाने प्लवकांचा प्रश्न एका वाक्यात निकालात निघतो. पुण्य नाही, पापही नाही.

आपल्याकडे हा वाद त्याहून कितीतरी जुना आहे. मज्झिम निकायात उपालि सुत्त आहे. त्यात निर्ग्रंथांच्या, म्हणजे जैनांच्या, बाजूने असे मांडले जाते की शरीराने घडलेले कर्म सर्वांत भारी. बुद्ध म्हणतो, मनाचे कर्म सर्वांत भारी. जैनांचे म्हणणे इथे बौद्धांच्या ग्रंथातून ऐकू येते, हे लक्षात ठेवायला हवे. कारण जैनांच्याच तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या पाहिली तर ती नुसत्या शरीरकर्मावर थांबत नाही. प्रमादाने, म्हणजे असावधपणाने, जिवाचा घात करणे ती हिंसा, असे तिथे म्हटले आहे. आणि गंमत अशी, की बुद्धाचा अखेरचा उपदेशही अप्रमादाचाच सांगतात. भांडणारे दोघे शेवटी एकाच उंबऱ्याशी आले.

हा उंबरा मी लहानपणी प्रत्यक्ष पाहिला आहे. आमच्या शेजारी एक जैन आजी राहत. घरी कन्नड, आमच्याशी मराठी. त्यांच्या विहिरीवर पाणी भरायचे ते दुपदरी फडक्यातून गाळूनच. गाळून झाले की त्या फडके उलटे करून त्यावर गाळलेले पाणी हळूच ओतत आणि ते पाणी भांड्यातून अलगद खाली सोडून पुन्हा विहिरीतच पोचवत. मी एकदा विचारले, "आजी, फडक्यात तर काहीच दिसत नाही." त्या म्हणाल्या, "दिसत नाहीत म्हणून नाहीत होय रे बाळा? ज्यांचं घर त्यांना परत नको का द्यायला?"

त्या वेळी ते भाबडेपणाचे वाटले. पुढे कॉलेजात सूक्ष्मदर्शकाखाली पाण्याचा थेंब पाहिला, तेव्हा भाबडे कोण होते ते कळले.

*

मध्यंतरी मला कळले, की वर्गात सांगितलेली माझी गोष्ट तितकीशी खरी नव्हती. २०११ साली क्विन आणि बेट्स या दोन शास्त्रज्ञांनी तोवरच्या दोन तपांच्या संशोधनाचा ताळेबंद मांडला होता. समुद्रावरच्या ढगांसाठी लागणारे पुष्कळ कण लाटांच्या फुटणाऱ्या बुडबुड्यांतून, मिठाचे आणि सेंद्रिय पदार्थांचे, येतात. तापमान वाढले की प्लवकांचा वायू वाढून ढग वाढतात, ही साखळी प्रत्येक कडीत अशक्त आहे. पृथ्वीचे तापमान राखणारी कळ प्लवकांच्या हाती असल्याचा पुरावा मिळत नाही. वायू खरा, त्याचे कण खरे, काही समुद्रांवर ढगांशी असलेले नातेही खरे. पण 'छत्री धरतात' हे माझे वाक्य खरे नव्हे.

मुख्याध्यापकाने चूक कबूल करावी की नाही? विषय परीक्षेत नव्हता. न सांगता चालले असते. पण आमच्या शाळेत सत्यावरचे सुविचार फळ्यावर रोज लिहिले जातात. मी पुन्हा त्या वर्गावर गेलो आणि सांगितले, की मागच्या वेळी मी जास्त बोललो होतो. त्याच मुलीने पुन्हा हात वर केला. "म्हणजे सर, आता त्यांचे मानलेले आभार परत घ्यायचे का?"

हा दुसरा प्रश्न पहिल्याहून मोलाचा होता. कारण त्याने माझ्या ध्यानात आले, की मी उपकाराचा विचार व्यापाऱ्यासारखा करीत होतो. कोणी माझ्यासाठी काही केले, म्हणून मी आभार मानले. त्याने ते माझ्यासाठी केलेच नव्हते असे कळले, म्हणून आभार रद्द. आपल्या परंपरेत ऋणाची कल्पना अशी नाही. देवऋण, ऋषिऋण, पितृऋण यांच्या जोडीने भूतऋणही सांगितले आहे, प्राणिमात्रांचे. त्यात प्राण्यांनी आपल्यावर जाणूनबुजून उपकार केले असे कोणी म्हटलेले नाही. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात अन्न, पाऊस, यज्ञ आणि कर्म यांचे एक चक्र सांगितले आहे. ते चालते ठेवण्याची जबाबदारी माणसावर टाकलेली आहे, मेघावर नाही. देणाऱ्याला माहीत असो वा नसो, घेणाऱ्याला माहीत झाले की ऋण सुरू होते.

मला वाटते, त्या मुलीच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर यातच आहे. प्लवकांना पुण्य लागत नाही. पुण्य हा जाणत्याच्या वहीतला रकाना आहे. पण जे अजाणता घडते, त्याची नोंद कुठेच होत नाही असे नाही. ती होते जाणत्याच्या वहीत, ऋण म्हणून. प्लवक, जिवाणू, विषाणू यांच्या त्या पंगतीतून गंधक समुद्रातून हवेत आणि हवेतून पावसासोबत पुन्हा खाली येतो. एकाच्या मरणातून दुसऱ्याचे पोट भरते आणि उरलेले निसटून जगभर जाते. एवढे सत्य ऋण मानायला पुरेसे आहे. त्यासाठी छत्रीची कहाणी लागत नाही.

*

अजाणता हित घडते, तसे अजाणता अहितही घडते. त्याचे काय?

समुद्रावर वणवण करणारे पेट्रेल जातीचे काही पक्षी अंधारातही अन्न शोधतात. ते याच वायूच्या वासाने, असे १९९५ साली अंटार्क्टिकाजवळच्या समुद्रातल्या प्रयोगांतून दिसले. जिथे लहान प्राणी प्लवक खात असतात तिथे वायू अधिक सुटतो; पक्ष्याला वास म्हणजे ताट मांडल्याची वर्दी. २०१६ साली कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यापाशी केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. प्लॅस्टिकचे मणी समुद्रात सुमारे तीन आठवडे ठेवले, तेव्हा त्यांवर शेवाळ धरून त्यांनाही हाच वास येऊ लागला. जे पक्षी या वासावर जातात, त्यांच्या पोटात प्लॅस्टिक कितीतरी पटींनी अधिक सापडते, असेही त्याच अभ्यासात आढळले. आता पाहा, पक्ष्याने चूक केली नाही. त्याचे नाक लक्षावधी वर्षे खरे ठरले होते. शेवाळाने चूक केली नाही. पिशवी फेकणाऱ्याच्या मनातही पक्ष्याला फसवायचे नव्हते. कोणाच्याही मनात पाप नव्हते, आणि पिलाच्या पोटात प्लॅस्टिक गेले.

कांटच्या तराजूत इथे कोणीच दोषी ठरत नाही, असे कोणी म्हणू शकेल. पण ते मनाला पटत नाही. इथे तत्त्वार्थसूत्रातला तो शब्दच उपयोगी पडतो: प्रमाद. माहीत नव्हते तोवर अज्ञान. माहीत झाल्यावर तोच हात तसाच सुटला तर तो असावधपणा. आमच्या गटारातून वाहत गेलेली पिशवी पावसाळ्यात कुठल्या तरी नाल्यावाटे नदीत आणि नदीवाटे समुद्रात जाऊ शकते, हे आज चौथीतल्या मुलालाही ठाऊक आहे.

याच्या उलट उदाहरण जहाजांच्या धुराचे. जहाजांच्या स्वस्त इंधनात गंधक भरपूर असे. त्याच्या धुराने बंदरांलगतच्या लोकांच्या फुप्फुसांना अपाय होई, म्हणून १ जानेवारी २०२० पासून इंधनातल्या गंधकाची मर्यादा साडेतीन टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्यावर आणली गेली. पण त्याच धुराच्या कणांनी समुद्रावर ढगांच्या पांढऱ्या रेघा उमटत आणि थोडे ऊन परत फेकले जाई. धूर कमी झाला, रेघा कमी झाल्या, आणि झाकलेली उष्णता काही अंशी उघडी पडली. ती किती, यावर शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. म्हणजे वाईट कृत्यातून नकळत थोडे भले होत होते, आणि चांगल्या कायद्याने ते थांबले. मग धूर ओकणाऱ्या जहाजांना पुण्यवान म्हणायचे का? नाही. नुसत्या परिणामावर पाप-पुण्य तोलू लागलो, तर असा अनर्थ होतो.

*

राहिला तिसरा प्रकार: जाणून, चांगल्या हेतूने केलेले कर्म. ते तरी निर्धोक असेल ना?

२००९ च्या जानेवारीत गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि जर्मनीची आल्फ्रेड वेगेनर संस्था यांच्या शास्त्रज्ञांना घेऊन 'पोलारश्टेर्न' हे जहाज दक्षिण महासागरात गेले. प्रयोगाचे नाव 'लोहाफेक्स'. त्यातला 'लोहा' आपलाच. त्या समुद्रात लोह कमी असल्याने प्लवक फारसे वाढत नाहीत. लोह टाकले तर ते वाढतील, हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषतील आणि मेल्यावर तो तळाशी घेऊन जातील का, हे पाहायचे होते. पर्यावरणवाद्यांनी हरकत घेतल्याने जर्मन सरकारने प्रयोग काही दिवस थांबवलाही. मग सुमारे ३०० चौरस किलोमीटरच्या टापूत लोह सोडले गेले. प्लवक वाढले, पण त्या पाण्यात सिलिका कमी असल्याने ज्या कवचधारी डायटम जातीचा भरवसा होता ती वाढली नाही. जे वाढले त्यांना कोपेपॉड नावाच्या इवल्या प्राण्यांनी फस्त केले, आणि कोपेपॉडांना त्यांच्याहून मोठ्यांनी. कार्बन फारसा तळाशी गेला नाही.

आपल्या गंधकाच्या वायूचीही तीच तऱ्हा. १९९९ साली दक्षिण महासागरात लोह टाकले तेव्हा तो वाढला. २००२ साली अलास्काच्या आखातात टाकले तेव्हा तो अखेरीस घटला. कृती तीच, हेतू तोच, फळ उलटे. कारण पंगतीला कोण कोण बसले आहे आणि कोणाला किती भूक आहे, हे वाढणाऱ्याला पुरते ठाऊक नव्हते.

मी या शास्त्रज्ञांना दोष देत नाही. उलट, त्यांनी लहान टापूत करून पाहिले आणि जे दिसले ते लपवले नाही, यालाच मी सावधपणा म्हणतो. मला भीती आहे ती दुसऱ्याच वृत्तीची. प्लवक ढगांच्या कामी येतात असे कळले, की आता आपणच त्यांना कामाला लावू, समुद्र आपणच हाकू, असे म्हणणारी ती वृत्ती. ऋणाची जाणीव झाल्याबरोबर सावकाराच्या पेढीवर जाऊन बसण्यासारखे ते आहे. ऋण फेडायचे म्हणजे कारभार ताब्यात घ्यायचा नव्हे.

मग फेडायचे कसे? मोठे उत्तर माझ्याजवळ नाही. हेतू शुद्ध ठेवणे आपल्या हाती आहे, पण तेवढ्याने भागत नाही. फळ आपल्या हाती नाही. या दोहोंच्या मध्ये एक जागा उरते, ती सावधपणाची. जेवढे कळले तेवढ्याने हात आवरायचा. जे कळले नाही, ते नाहीच असे धरून चालायचे नाही. कहाणी चुकली तर ती चुकली म्हणून सांगायचे. आणि जे वापरले, त्यातले ज्यांचे त्यांना परत जाऊ द्यायचे.

पुढच्या सहामाहीनंतर मुलांची सहल गोव्याला जाणार आहे. त्या मुलीने आताच विचारून ठेवले आहे, की दोना पावलाच्या संस्थेत आपल्याला आत जाऊ देतील का. मी पत्र लिहितो म्हटले आहे. जाताना मात्र सगळ्यांना सांगणार आहे, की डबा घरून आणायचा तो स्टीलचा, आणि किनाऱ्यावरून उठताना खालची वाळू एकदा पाहून घ्यायची. आमच्या त्या आजी आज असत्या, तर त्यांनीही आधी तेवढेच पाहिले असते.